पेट स्कॅनवर गाठ चमकली, म्हणजे कॅन्सरच का?

प्रश्न : माझे बाबा 66 वर्षांचे आहेत, आम्ही लालबागला राहतो. छापखान्यातून निवृत्त झाले. पंधरा वर्षांपासून डायबेटिस आहे. विडी 2012 मध्ये सोडली. 1991 साली टीबी झाला होता, तेव्हा पूर्ण कोर्स केला होता. तीन महिने खोकला, दोनदा बेडक्यात रक्ताची रेघ, वजन सहा किलो उतरलं. सीटी स्कॅनमध्ये उजव्या फुप्फुसाच्या वरच्या भागात 3.4 सेंमीची गाठ निघाली, कडा काटेरी आहेत. पेट स्कॅनमध्ये एसयूव्ही 8.2 आली. डॉक्टर म्हणतात कॅन्सर वाटतो, पुढच्या गुरुवारी बायोप्सी करू. काका म्हणतात सुई लावली की कॅन्सर पसरतो. त्यांच्या शेजाऱ्यांना असंच कॅन्सर म्हणून सांगितलं होतं, शेवटी फंगस निघालं आणि गोळ्यांनी बरे झाले. आधी महिनाभर फंगसच्या गोळ्या देऊन बघता येईल का?

उत्तर : काकांच्या शेजाऱ्यांची गोष्ट खरी असू शकते. छातीच्या रोगांची प्रॅक्टिस मुंबईत करताना मी असे बरेच रुग्ण पाहिलेत, ज्यांच्या घरात रडारड होऊन गेली आणि आठ दिवसांनी रिपोर्टमध्ये बुरशी निघाली. तेव्हा बुरशीची गाठ कॅन्सरसारखी दिसते का, तर हो, हुबेहूब दिसते. पण म्हणून तुकडा न काढता महिनाभर गोळ्या देऊन बघाव्यात का, तर अजिबात नाही. का नाही ते नीट सांगतो, कारण घरातल्या चार मोठ्या माणसांना तुम्हालाच समजवायचं आहे.

तुम्हाला खोटी आशा लावायची माझी इच्छा नाही. 66 वय, इतकी वर्षं विडी, काटेरी कडा, उतरलेलं वजन. कोणत्याही छातीच्या डॉक्टरच्या यादीत पहिलं नाव कॅन्सरचंच येणार, आणि ते बरोबर आहे. दुसरं टीबीचं. बुरशी त्यानंतर. फक्त तुमच्या बाबांच्या बाबतीत हे तिसरं नाव खोडून टाकण्यासारखं नाही, कारण जुना टीबी आणि पंधरा वर्षांची साखर, या दोन्ही गोष्टी बुरशीला आवडतात.

आता त्या 8.2 कडे, म्हणजे एसयूव्हीकडे येऊ. गाठ किती चमकते त्याचं ते माप. पेट स्कॅनचा रिपोर्ट घेऊन येणारे नातेवाईक या आकड्याभोवती लाल पेनने गोल करून आणतात, म्हणून थोडं थांबून सांगतो. या तपासात शिरेतून किंचित किरणोत्सारी ग्लुकोज देतात. शरीरात जिथे पेशी साखर जास्त खातात तो भाग स्कॅनवर चमकतो. कॅन्सरच्या पेशी अधाशी असतात, म्हणून त्या चमकतात. पण जंतूंशी लढायला जमलेल्या पांढऱ्या पेशीही तितक्याच अधाशी असतात. टीबीची गाठ चमकते, बुरशीची चमकते, सार्कॉइड नावाच्या सुजेच्या आजाराची चमकते. 2.5 च्या वर गेलं की कॅन्सर, हा जुना ठोकताळा आहे. टीबी घरोघरी असलेल्या आपल्यासारख्या देशात त्याच्यावर विसंबून चालत नाही. मी 12 आणि 14 एसयूव्हीच्या गाठी टीबीच्या निघालेल्या पाहिल्यात, आणि जेमतेम 2 ची गाठ कॅन्सरची. पेट स्कॅनचा खरा उपयोग दुसराच आहे. गाठ कॅन्सरची ठरली तर तो कुठवर गेलाय हे कळतं, आणि सुई नेमकी कुठे मारायची तेही कळतं. गाठ कसली आहे, हे त्याला विचारायचंच नसतं.

काटेरी कडांचंही तसंच. सीटीवर काटे दिसले की कॅन्सरचा संशय वाढतो हे खरं, पण जुना टीबी भरून येताना आजूबाजूचं फुप्फुस आखडतं आणि तसेच काटे तयार होतात. बुरशीच्या जुन्या गाठीलाही होतात.

बुरशी म्हणजे एकच काही नव्हे. मुंबईत छातीत सापडणारी सगळ्यात ओळखीची म्हणजे ॲस्परजिलस. पावसाळ्यात भिंतीवर, चामड्याच्या चपलेवर, डब्यातल्या भाकरीवर जी बुरशी धरते त्या गोतावळ्यातली. 1729 साली मिकेली नावाच्या इटालियन धर्मगुरूने सूक्ष्मदर्शकाखाली ती पाहिली आणि चर्चमध्ये पवित्र पाणी शिंपडायच्या दांडीसारखी दिसते म्हणून तिला हे नाव दिलं. तिचे बीजकण दोन-तीन मायक्रॉनचे, हवेत सगळीकडे. तुम्ही, मी, लोकलमधला प्रत्येक माणूस रोज ते श्वासातून आत घेतो आणि काही होत नाही. ज्याच्या फुप्फुसात आधीच पडझड झालेली आहे, त्याच्याकडे मात्र तिला भाड्याने खोली मिळते.

ती खोली म्हणजे जुन्या टीबीची पोकळी. टीबी बरा होतो, जंतू मरतात, पण वरच्या भागात कधीकधी पोकळी राहून जाते. वर्षानुवर्षं रिकामी. तिच्यात ॲस्परजिलस वाढते आणि तंतू, कफ, मेलेल्या पेशी यांचा गोळा तयार होतो. त्याला फंगल बॉल म्हणतात. 1960 च्या दशकाच्या शेवटी ब्रिटनमध्ये टीबी बरा होऊन पोकळी राहिलेल्या 544 जणांना तपासलं, तेव्हा 11 टक्के लोकांत असा गोळा सापडला, आणि पुढे काही वर्षांनी त्यांनाच परत पाहिलं तर प्रमाण 17 टक्क्यांवर गेलं होतं. आपल्याकडे जुने टीबीचे रुग्ण किती आहेत ते शिवडीच्या टीबी हॉस्पिटलच्या बाहेर सकाळी उभं राहिलं तरी कळेल.

हा गोळा ओळखायची एक जुनी युक्ती आहे आणि मला ती अजून फार आवडते. गोटा नारळ पाहिलाय ना? आतलं खोबरं करवंटीपासून सुटलेलं असतं आणि हलवला की खडखडतं. फंगल बॉल तसाच पोकळीत सुटा असतो. रुग्ण उताणा झोपला की गोळा पाठीकडे बसतो, त्याच्यावर हवेची चंद्रकोर दिसते. त्याला पालथं झोपवून पुन्हा सीटीच्या दोन-चार चकत्या काढल्या की गोळा छातीकडे घरंगळतो आणि चंद्रकोर दुसऱ्या बाजूला जाते. कॅन्सरची गाठ जागची हलत नाही. भायखळ्याच्या एका आजोबांची फाइल माझ्याकडे आली तेव्हा त्यांच्या मुलाने ऑपरेशनचे पैसे उभे करायला गावची जमीन विकायला काढली होती. आम्ही फक्त त्यांना पालथं केलं. स्क्रीनवर गोळा सरकलेला दिसला तेव्हा टेक्निशियन आणि मी एकमेकांकडे बघून हसलो, बाहेर येऊन मुलाला सांगितलं, आणि तो तिथेच जमिनीवर बसला.

पण म्हणून फंगल बॉल निरुपद्रवी असतो असं समजू नका. पोकळीच्या भिंतीत फुगलेल्या रक्तवाहिन्या असतात, आणि त्यातली एक फुटली तर अर्ध्या तासात माणूस तांब्याभर रक्त ओकू शकतो. तुमच्या बाबांना रेघ दिसली आहे म्हणून सांगतो : थुंकीतून नुसतं ताजं लाल रक्त, चमच्या-दोन चमच्यांहून जास्त आलं, तर गुरुवारची वाट न बघता रात्री-अपरात्री जवळच्या मोठ्या हॉस्पिटलच्या कॅज्युअल्टीत न्यायचं. गाडीत बसवताना ज्या बाजूला आजार आहे ती बाजू खाली करून कलंडवून ठेवायचं, म्हणजे चांगल्या बाजूच्या फुप्फुसात रक्त जात नाही. बाबांची उजवी बाजू.

तुम्ही दिलेल्या माहितीत पोकळीचा उल्लेख नाही, नुसती गाठ म्हटलंय. तरी सीटीची फिल्म, किंवा सीडीच, रेडिओलॉजिस्टला दाखवून एवढं विचारून घ्या की गाठीत कुठे हवा दिसते का. रिपोर्टच्या शेवटच्या दोन ओळी वाचून मत बनवू नका.

दुसरी बुरशी क्रिप्टोकॉकस. ही पोकळी बघत नाही. निरोगी दिसणाऱ्या फुप्फुसातही भरीव गाठ करते, एक किंवा अनेक, आणि तीच सगळ्यात जास्त फसवते. कबुतरांच्या विष्ठेत ती छान वाढते. 2025 च्या ऑगस्टमध्ये महापालिकेने दादरचा कबुतरखाना ताडपत्रीने झाकला, तेव्हा महिनाभर माझ्या ओपीडीत येणारा प्रत्येक जण कबुतरांबद्दल विचारत होता. तेव्हा जे सांगायचो तेच इथे सांगतो. कबुतरांमुळे छातीचा जो आजार मी जास्त पाहतो तो ॲलर्जीचा आहे, बुरशीच्या संसर्गाचा नाही. त्यात फुप्फुस हळूहळू कडक होतं. गाठ होत नाही. क्रिप्टोकॉकस त्यामानाने विरळा. पण खिडकीच्या जाळीबाहेर किंवा एसीच्या मागे कबुतरांचं घरटं असेल तर डॉक्टरांना सांगा, आणि ते सुकं खरवडून झाडू नका. पाणी मारून ओलं करायचं, तोंडाला चांगला मास्क, आणि बाबांना त्या खोलीत थांबू द्यायचं नाही.

क्रिप्टोकॉकससाठी रक्ताची एक अँटिजेन टेस्ट आहे. पट्टीवर होते, काही मिनिटांत उत्तर मिळतं. नुसत्या छोट्या गाठीत ती निगेटिव्ह येऊ शकते, म्हणून निगेटिव्ह आली तरी विषय संपत नाही. पण पॉझिटिव्ह आली तर बरंच काही कळतं, आणि मग पाठीतलं पाणी तपासावं लागतं का हे ठरवायचं, कारण ही बुरशी मेंदूच्या आवरणात शिरते.

इथे माझी स्वतःची चूक सांगतो. पुष्कळ वर्षांपूर्वीची गोष्ट. मी नवा कन्सल्टंट होतो, एका हॉस्पिटलमध्ये. बावन्न वर्षांची बाई, भाजी विकायची, डाव्या फुप्फुसात गाठ. सगळ्यांनी कॅन्सर धरला होता. मी सीटीखाली सुई घातली, सुंदर तीन तुकडे मिळाले, आणि तिन्ही तुकडे हातासरशी फॉर्मेलिनच्या बाटलीत टाकले. रिपोर्ट आला : ग्रॅन्युलोमा (सुजेच्या पेशींचा पुंजका) आहे, कॅन्सर नाही. आम्ही सगळे खूश. ग्रॅन्युलोमा म्हणजे टीबी, हे आपल्याकडच्या डॉक्टरांच्या हाडात मुरलेलं असतं. मी एकेटी, म्हणजे टीबीची औषधं, सुरू केली. चौथ्या महिन्यात बाईला घरचे उचलून घेऊन आले. डोकं फुटेल असं दुखतंय, उलट्या, नजर अंधुक. पाठीतलं पाणी काढून त्यात काळी शाई मिसळली, तर काळ्याभोर पार्श्वभूमीवर प्रत्येक पेशीभोवती पांढरं वलय. क्रिप्टोकॉकस. मी पॅथॉलॉजीत गेलो, चार महिन्यांपूर्वीचा मेणाचा ब्लॉक काढायला लावला, त्यावर म्युसिकार्मिनचा रंग चढवला. लालभडक आवरणाच्या गोल पेशी, ढिगाने. त्या पहिल्या दिवसापासून तिथेच होत्या. कोणी विचारलं नव्हतं म्हणून कोणी रंग लावला नव्हता. बाई वाचली, अँफोटेरिसिनचा मोठा कोर्स सोसून. एका डोळ्याची नजर मात्र गेली ती गेलीच.

तेव्हापासून मी बायोप्सीला जाताना खिशात दोन बाटल्या घेऊन जातो, आणि तुम्हालाही गुरुवारी एवढं एकच काम देणार आहे. तुकड्यांसाठी दोन बाटल्या आहेत ना, हे बघायचं. एक फॉर्मेलिनची, ती पॅथॉलॉजीला जाते, तिथे कॅन्सर कळतो. दुसरी नुसत्या नॉर्मल सलाइनची, ती मायक्रोबायोलॉजीला. फॉर्मेलिनमध्ये पडलेला जंतू मरतो. मग त्यातून ना टीबीचं कल्चर वाढतं ना बुरशीचं. आणि एकदा टाकलेला तुकडा परत घेता येत नाही. डॉक्टरांना राग येईल अशी भीती बाळगू नका. हळू आवाजात विचारायचं, "सर, एक तुकडा कल्चरला पण जाणार आहे ना?" चांगल्या डॉक्टरला याचा राग येत नाही, आणि गडबडीत विसरलेला डॉक्टर मनातल्या मनात तुमचे आभार मानतो.

सलाइनच्या बाटलीवर काय काय लिहायचं तेही सांगतो : टीबीसाठी जीनएक्स्पर्ट (जंतूच्या जनुकांची झटपट तपासणी) आणि कल्चर, बुरशीसाठी केओएच (सूक्ष्मदर्शकाखालची तपासणी) आणि फंगल कल्चर, साधं बॅक्टेरियाचं कल्चर. बाटली उन्हात, बाइकच्या डिकीत दुपारभर फिरवायची नाही, तासा-दोन तासांत लॅबमध्ये पोचवायची. पॅथॉलॉजीच्या कागदावर "पीएएस (PAS) आणि जीएमएस (GMS) स्टेन करावा" ही ओळ असू द्या. हे दोन्ही बुरशी दाखवणारे रंग. जीएमएस म्हणजे चांदीचा रंग. त्यात बुरशी हिरवट पार्श्वभूमीवर काळीकुट्ट उठते. ॲस्परजिलसचे तंतू बारीक, आडवे पडदे असलेले, कोवळ्या फांदीसारखे तिरके फुटतात. म्युकरचे जाड, वेडेवाकडे, जवळजवळ काटकोनात. अनुभवी पॅथॉलॉजिस्ट नुसत्या नजरेने फरक सांगतो, आणि त्या फरकावर औषध बदलतं, म्हणून हे तपशील उगाच नाहीत.

म्युकर हा शब्द 2021 नंतर महाराष्ट्रात कोणाला समजवावा लागत नाही. कोविडच्या लाटेत नाक-डोळ्यांचा म्युकर घराघरांत कळला. फुप्फुसाचाही असतो, आणि तो साखर हाताबाहेर गेलेल्या माणसाला होतो. तो मात्र महिनोन्‌महिने रेंगाळत नाही, दिवसागणिक वाढतो. ताप, छातीत दुखणं, रक्त. तीन महिन्यांचा खोकला हे त्याचं वागणं नाही, तरी बाबांचं एचबीए1सी (तीन महिन्यांच्या साखरेची सरासरी) किती आहे हे बायोप्सीआधी तपासून घ्या. साखर 300 असताना कोणताच जंतू औषधाला नीट दाद देत नाही.

वाढीच्या वेगावरून बरंच कळतं. कॅन्सरची गाठ आकारमानाने दुप्पट व्हायला साधारण 20 ते 400 दिवस घेते. आठवडा-दोन आठवड्यांत दुप्पट झाली तर ती बहुतेक जंतूंची, आणि दोन वर्षं जशीच्या तशी असलेली भरीव गाठ बहुतेक निरुपद्रवी. म्हणूनच बाबांचा मागचा कुठलाही एक्स-रे किंवा सीटी मला सोन्यासारखा वाटतो. त्यावर शेवटी येतो.

दम्याच्या रुग्णांत वेगळाच प्रकार होतो. तिथे ॲस्परजिलस फुप्फुसात घर करत नाही, श्वासनळीत राहून ॲलर्जी भडकवते. नळीत कफाचे घट्ट बूच बसतात आणि एक्स-रेवर हृदयाशेजारी बोटांच्या आकाराची गाठ दिसते. पस्तिशीतली एक शिक्षिका माझ्याकडे कॅन्सरची फाइल घेऊन आली होती. तिला विचारलं, खोकताना कधी तपकिरी, चिवट, रबरासारखी गुठळी पडते का? तिने पर्समधून टिश्यू पेपरात गुंडाळलेली गुठळी काढून टेबलावर ठेवली. रक्तातला आयजीई, म्हणजे ॲलर्जीचं माप, काही हजारांत होता. पोटातून स्टेरॉइड सुरू केल्यावर सहा आठवड्यांत गाठ गेली. बाबांना दमा असल्याचं तुम्ही लिहिलेलं नाही म्हणून हे थोडक्यात सांगतो. पण यातली गंमत लक्षात घ्या : या प्रकारच्या बुरशीला स्टेरॉइड हेच औषध, आणि फुप्फुसात शिरलेल्या बुरशीला तेच स्टेरॉइड विष. नाव कळल्याशिवाय औषध नाही असं मी म्हणतो ते यासाठी.

परदेशवारीबद्दलही विचारून ठेवतो, कारण हल्ली बऱ्याच घरांतून मुलगा-मुलगी अमेरिकेत आणि आई-बाबा सहा-सहा महिने नातवंडं सांभाळायला तिकडे. ॲरिझोना आणि कॅलिफोर्नियाच्या कोरड्या मातीत कॉक्सिडिऑइडिस नावाची बुरशी असते. तिकडे तिला व्हॅली फीवर म्हणतात, आणि तिच्या गाठी कॅन्सर समजून काढून टाकल्याच्या घटना तिथे नव्या नाहीत. आपल्या मातीत ती नाही, त्यामुळे मुंबईतल्या डॉक्टरला ती सुचतही नाही. बाबा ॲरिझोनातल्या फिनिक्सला वगैरे राहून आले असतील तर बायोप्सीच्या फॉर्मवर ते लिहाच. हे लॅबमधल्या मुलांसाठीही आहे. ही बुरशी कल्चरच्या बशीत वाढवताना उघड्यावर हाताळली तर त्यांना श्वासातून लागण होते. हिस्टोप्लाझ्मा नावाची आणखी एक आहे, वटवाघळांच्या आणि पक्ष्यांच्या विष्ठेतली, आपल्याकडे गंगेच्या खोऱ्यात जास्त. फुप्फुसात गाठ आणि सोबत मूत्रपिंडांवरच्या दोन्ही ॲड्रिनल ग्रंथी सुजलेल्या दिसल्या की कॅन्सर पसरलाय असं सगळे समजतात, आणि कधीतरी हिस्टोप्लाझ्मा निघतो. बाबांच्या पेट स्कॅनमध्ये ॲड्रिनलबद्दल काय लिहिलंय ते वाचा.

आता काकांची सुई. "छेडलं की पसरतं" हे मी रोज ऐकतो, आणि काकांना वेड्यात काढू नका. त्यांच्या माहितीत कोणीतरी असेल ज्याची बायोप्सी झाली आणि दोन महिन्यांत तो गेला. तो सुईमुळे गेला नाही, तर कॅन्सर आधीच पुढे गेलेला होता. सुईच्या वाटेवर कॅन्सरच्या पेशी रुजणं फारच क्वचित होतं. खरा धोका वेगळा आहे आणि तो लपवू नये : सीटीखाली छातीत सुई घालताना फुप्फुसाला छिद्र पडून हवा बाहेर येऊ शकते. शंभरातल्या पंधरा-वीस जणांना थोडी हवा होते. बहुतेकांची आपोआप जिरते, चार-पाच जणांना दोन-तीन दिवस नळी टाकावी लागते. विडीमुळे फुप्फुस फुगलेलं असेल तर शक्यता थोडी वाढते. बेडक्यात थोडं रक्तही येतं, दिवसभरात थांबतं. म्हणून बायोप्सीनंतर चार तास हॉस्पिटलमध्येच थांबायचं आणि एक एक्स-रे काढून मगच घरी. बाबा हृदयासाठी रक्त पातळ करणारी गोळी घेत असतील तर ती किती दिवस आधी बंद करायची हे आजच फोन करून विचारा. बुधवारी रात्री आठवलं तर गुरुवार रद्द होतो, आणि पुढची तारीख पंधरा दिवसांनी मिळते.

गोळ्या देऊन बघण्यात काय वाईट, तर ऐका. कॅन्सर असेल तर ऑपरेशन होण्यासारखी 3.4 सेंमीची गाठ महिना-दोन महिने आपण वाढू दिली. टीबी असेल तर तो घरातल्या लहान मुलांपर्यंत पोचू दिला. आणि बुरशी असेल तरी कुठली गोळी? केमिस्टकडे 150 मिलिग्रॅमची फ्लुकोनाझोल चटकन मिळते, आणि "फंगसची गोळी" म्हणून लोक तीच घेतात. ॲस्परजिलसवर तिचा काडीचा उपयोग नाही. तिथे इट्राकोनाझोल किंवा व्होरिकोनाझोल लागते, किमान सहा महिने, बऱ्याचदा अधिक. क्रिप्टोकॉकसवर फ्लुकोनाझोल चालते, पण रोज 400 मिलिग्रॅमच्या आसपास, सहा महिने ते वर्षभर, आणि मेंदूत गेली नाही हे पाहून. म्युकरवर या तिन्हींपैकी एकही भरवशाची नाही, तिथे अँफोटेरिसिन आणि बहुतेकदा सर्जन. एकट्या फंगल बॉलला तर गोळ्यांचा फारसा उपयोग होत नाही. तब्येत झेपत असेल तर तो कापूनच काढतात, आणि रक्त थांबत नसेल तर मांडीतून तार घालून ती रक्तवाहिनी बंद करतात.

शिवाय ही औषधं बाबांच्या इतर गोळ्यांशी भांडतात. फ्लुकोनाझोल आणि व्होरिकोनाझोलमुळे ग्लिमेपिराइडसारख्या गोळीचा जोर वाढून साखर झपकन खाली येते. कोलेस्टेरॉलच्या काही गोळ्यांबरोबर स्नायू सुजतात. इट्राकोनाझोलची कॅप्सूल भरल्या पोटी घ्यायची, आणि ॲसिडिटीची गोळी चालू असेल तर ती अंगी लागत नाही. सर्वात मोठं भांडण टीबीच्या औषधाशी. त्यातलं रिफाम्पिसिन इट्राकोनाझोल आणि व्होरिकोनाझोलचा रक्तातला अंश जवळपास संपवून टाकतं. "टीबीचंही चालू ठेवू, फंगसचंही चालू ठेवू, जे लागू पडेल ते पडेल" असं करणारे डॉक्टर मी पाहिलेत. अशा वेळी बुरशीचं औषध फक्त पाकिटावर असतं.

रिपोर्ट आल्यावर दोन ठिकाणी गफलत होते, म्हणून आधीच सांगून ठेवतो. "कॅन्सरच्या पेशी दिसल्या नाहीत" याचा अर्थ कॅन्सर नाही असा होत नाही. सुई गाठीच्या कडेला किंवा मेलेल्या भागात लागली असेल तरी हेच वाक्य येतं. त्याच्यापुढे टीबी, बुरशी, असं काहीतरी ठोस नाव हवं. नुसतं "सूज आहे" किंवा "नेक्रोसिस" (मेलेल्या पेशी) एवढंच असेल तर पुन्हा तुकडा काढायला तयार राहा, आणि तेव्हा काकांना मध्ये आणू नका. उलटही होतं. कॅन्सरची गाठ मध्ये सडून पोकळी झाली की तिच्यातही ॲस्परजिलस वाढते. थुंकीत बुरशी सापडली म्हणून हुश्श करू नये. थुंकीत तर ती तुमच्या-माझ्याही सापडेल. बुरशीवर उपचार सुरू केले तर सहा ते आठ आठवड्यांनी पुन्हा सीटी काढायचा, आणि गाठ लहान झालेली नसेल, किंवा वाढली असेल, तर सगळं पहिल्यापासून तपासायचं.

आणि कॅन्सर निघाला, तरी जास्तीचा तुकडा वाया जात नाही. फुप्फुसाच्या कॅन्सरवरच्या नव्या गोळ्या ईजीएफआर, एएलके अशा गाठीतल्या जनुकांच्या तपासण्यांवर ठरतात, आणि त्यांना भरपूर तुकडा लागतो. एक टोचणी आणि कसाबसा मिळालेला केसाएवढा तुकडा, असं करून लवकर मोकळं होण्यापेक्षा चार-पाच तुकडे घ्यायला सांगा. परळला टाटा हॉस्पिटलमध्ये दुसरं मत घ्यायला गेलात तर तिथेही पहिल्यांदा स्लाइड आणि ब्लॉक मागतात, म्हणून पॅथॉलॉजीतून ते ताब्यात घेऊन ठेवा, पावतीसकट.

राहिला जुना एक्स-रे. 1991 चा टीबी कुठल्या फुप्फुसात होता, वर का खाली, पोकळी राहिली होती का, हे बाबांना आठवत नसेल. पण आपल्याकडे एक्स-रे कोणी टाकत नाही. माळ्यावर, गोदरेजच्या कपाटावर किंवा देव्हाऱ्याखालच्या खणात ती तपकिरी पाकिटं असतात, बरीचशी एकमेकांना चिकटलेली. मधल्या वर्षांत कधी हर्नियासाठी, कधी मोतीबिंदूसाठी काढलेला छातीचा एक्स-रेही चालेल. गाठीच्या जागी 2015 मध्येच डाग असेल आणि तेवढाच असेल, तर गुरुवारी काय करायचं याचा विचारच बदलतो. आज रात्री आईला बरोबर घेऊन माळा काढा. बायकांना या गोष्टी कुठे ठेवल्यात ते बरोबर माहीत असतं. फिल्म चिकटल्या असतील तर ओढून वेगळ्या करू नका, तशाच आणा. रिपोर्टचा कागद नसला तरी चालेल, फिल्म हवी.